फराज फ्लेक्सवर आला

चौकात तो फ्लेक्स लागला त्या सकाळी नसरीन आपल्या मिरची कांडायच्या डंकावर होती. वर्षाच्या चटणीचा हंगाम. बायकांची रांग पार गटारापर्यंत गेलेली. प्रत्येकीला आपलीच मिरची आपल्याच डब्यात परत हवी होती, आणि दुसरीची चिमूटभर जरी मिसळली तरी घराची चव बुडाली असा प्रत्येकीचा आव होता. त्या गलक्यात गल्लीतली प्रियदर्शनी डबा पुढं सरकवत म्हणाली, "आपा, तोंड गोड कवा करताय?"

"कशाबद्दल?"

"आता कशाबद्दल म्हणून काय इचारता? भाऊ सुटला न्हवं तुमचा!"

नसरीननं डंकाचं बटण बंद केलं. बायका ओरडायला लागल्या, त्यांना तिनं ओरडू दिलं. तोंडावर बांधलेला फडका न सोडताच ती चौकात धावली.

फ्लेक्स अख्खा चौक अडवून उभा होता. वरच्या बाजूला हात जोडलेले अमरसिंहदादा, पुढच्या निवडणुकीतले भावी नगरसेवक. मध्ये तिचा धाकटा भाऊ फराज, गळ्यात हार आणि तोंडावर गुलाल. तो फोटो पेठेच्या फुटबॉल संघानं चषक जिंकला तेव्हाचा होता, हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'सातासमुद्रापार अडकलेल्या आपल्या पेठेच्या सुपुत्राची सुखरूप घरवापसी केल्याबद्दल मा. अमरसिंहदादांचे जाहीर आभार!' आणि त्याखाली काळे गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग. त्यात पहिला फोटो सम्राटचा, फराजपेक्षा बोटभर मोठाच.

नसरीननं तिथंच उभं राहून फराजला फोन लावला. चौथ्यांदा लागला.

"कुठं हायस?"

"कुठं असणार आपा? जहाजावर." मागं वारा घोंघावत होता. "आज परत नुसता भात. मीठ पण संपलं."

तिनं वर पाहिलं. फ्लेक्सवरचा फराज दात काढून हसत होता.

फराज मालवाहू जहाजावर डेकचा खलाशी होता. दिवाळीच्या आधीपासून ते जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलं होतं. मालकानं बंदराचं भाडं थकवलं, पगार थकवले आणि नंतर फोन उचलायचंच बंद केलं. जहाज हलू शकत नव्हतं, आणि त्या देशाचे लोक खलाशांना किनाऱ्यावर पाऊल टाकू देत नव्हते. वर सहा माणसं उरली होती. डिझेल थोडं, म्हणून जनरेटर दिवसातून थोडा वेळ चालायचा. तेवढ्यात मोबाइल चार्ज करायचे आणि एसीतून ठिबकणारं पाणी बाटलीत धरायचं. ते पाणी पिऊन फराजचं पोट दोनदा बिघडलं होतं.

बरं, हा काही चोरून-लपून गेलेला मुलगा नव्हता. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती. कोल्हापूरच्या पोराला समुद्रावर नोकरी म्हटल्यावर पडताळणीला आलेल्या हवालदारानं आधी पंचगंगेवरून विनोद केला, मग चहा प्याला आणि मग सही केली. मुंबईला चार खेपा झाल्या. डोळे तपासले, दात तपासले, दहाही बोटांचे ठसे घेतले, हनुवटीखालचा व्रण ओळखखूण म्हणून लिहून घेतला. शेवटी खलाशाचं सरकारी पुस्तक हातात पडलं तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला होता, "आता जगात कुठंही जा, सरकार तुमच्या पाठीशी." नसरीननं ते पुस्तक घरी आणून अम्मीच्या हातात दिलं होतं आणि अम्मीनं, म्हणजे मेहरुन्निसानं, ते डोळ्यांना लावलं होतं.

त्याच भरवशावर नसरीननं खलाशी कल्याणाच्या मुंबईच्या कचेरीत तक्रार नोंदवली होती. रोज फोन, रोज 'कार्यवाही सुरू आहे'. काही का असेना, सुरू तरी होती.

सम्राटचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चौकातच होतं. तो तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष आणि फराजचा लहानपणापासूनचा जोडीदार. तो बचावाला खेळायचा आणि त्याच्या पायातून सुटलेले सगळे चेंडू गोलात उभा असलेला फराज अडवायचा. नसरीन दुकानात शिरली तेव्हा तो कौतुकाच्या अपेक्षेनं हसत होता.

"कसा झालाय आपा?"

"फराज कुठाय रं?"

"जहाजावर. का?"

"मग घरवापसी कुणाची झाली?"

"आपा, दादानी काल माझ्यासमोर मंत्र्याच्या पीएला फोन लावला. स्पीकरवर! 'बघतो' म्हणला त्यो. म्हंजे झालंच की काम."

आता या माणसाला काय सांगायचं? कोल्हापुरात काम नंतर होतं, फ्लेक्स आधी लागतो. रस्त्याला खडी पडायच्या आधी डांबराचे आभार मानून होतात. पोरगं परीक्षेला बसायच्या आधी त्याच्या उज्ज्वल यशाबद्दल गल्ली अभिनंदन करून मोकळी होते. सम्राटनं काही वाईट मनानं केलं नव्हतं, आणि तिचा खरा संताप होता तो त्याचाच. वाईट मनानं केलं असतं तर दोन शिव्या घालून विषय संपवता आला असता.

"काढ त्यो," ती म्हणाली.

"दादाचा वाढदिवस होऊ दे आपा. लगीच काढला तर बरं दिसत न्हाय."

नसरीनचा डंक बंद पडला होता आणि बायका खोळंबल्या होत्या. फ्लेक्सच तो, त्यानं काय आकाश कोसळणार, असं म्हणून ती परत गेली. ही तिची चूक होती, आणि पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला त्याबद्दल बोल लावत होती.

आकाश आठवड्याभरात कोसळलं. एका सकाळी तिनं मोबाइलवर तक्रारीची स्थिती पाहिली, तर 'कार्यवाही सुरू आहे'च्या जागी एकच शब्द होता: 'निकाली'.

तिनं फोन लावला. त्या कचेरीत क्रांती नावाची बाई फोन घ्यायची. आवाज तरुण, भाषा स्वच्छ, आणि प्रत्येक वाक्य जणू घडी घालून ठेवलेलं.

"हो मॅडम, तक्रार निकाली निघाली आहे. तुमचे बंधू स्वगृही परतले आहेत."

"कुठल्या स्वगृही?"

"कोल्हापूरला."

"मी कोल्हापुरातनंच बोलालोय!" नसरीन ओरडली. "माझ्या घरात हाय मी! हितं कुणी न्हाय!"

"मॅडम, भरती करणाऱ्या एजंटनं पुरावा सादर केला आहे. आपल्या भागात त्यांचा सत्कार झाल्याचं छायाचित्र आहे. हार आहे, गुलाल आहे, लोकप्रतिनिधींचे आभार आहेत."

जो एजंट पाच महिने तिचा फोन उचलत नव्हता, त्यानं चौकातला फ्लेक्स मात्र बरोबर हुडकून काढला होता. कुणीतरी तो फोटो पेठेच्या ग्रुपवर टाकला, तिथून शहराच्या ग्रुपवर, तिथून आणखी कुठं, आणि फिरत फिरत तो नेमका नको त्या हातात पडला. त्याचा एका खलाशाच्या तिकिटाचा खर्च वाचला.

"अवो, त्यो फोटो फुटबॉलचा हाय! तुमच्याकडं त्याचे अंगठे हायत, ठसे हायत, हनुवटीचा व्रण लिवून घेतलाय तुमी. एवढं सगळं घेऊन माणूस कुठाय ते कळत न्हाय व्हय तुमाला?"

"नोंदणी आहे म्हणूनच तर तक्रार इतक्या लवकर निकाली काढता आली, मॅडम."

नसरीननं फोन कट केला.

फराजनं जहाजावरून पाठवलेले फोटो तिनं कचेरीला धाडले. फोटो जुने असू शकतात, असं उत्तर आलं. आमचा जुना फोटो चालत नाही आणि एजंटचा जुना फोटो चालतो, हे कसं, असं तिनं विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. पण संध्याकाळी क्रांतीनं स्वतःहून फोन केला. आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी बाकीच्या पाच जणांना उतरवणार आहेत. यादीत तुमच्या भावाचं नाव नाही. ज्यांनी तो फलक लावला, त्यांनीच तो खोटा असल्याचं लेखी दिलं आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तर मला फाइल उघडता येईल. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. लवकर करा."

म्हणजे भाऊ जहाजावर आहे हे त्याच्या आईनं सांगून चालणार नव्हतं, बहिणीनं सांगून चालणार नव्हतं, खुद्द त्यानं सांगूनही चालणार नव्हतं. गॉगलवाल्यांनी सांगायला हवं होतं.

नसरीन अमरसिंहदादांच्या संपर्क कार्यालयात गेली. दादांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवत राहिले.

"ताई, तुमचं दुःख ते माझं दुःख. पण फ्लेक्स खोटा हाय असं आता म्हणायचं, म्हंजे लोकं काय म्हणतील? इरोधक टपूनच बसल्यात. त्यापेक्षा असं करू. पोराला लवकर आणू. म्हंजे फ्लेक्स आपोआप खरा हुतोय."

"पण फ्लेक्स खोटा म्हटल्याबिगर त्याला आणत न्हाईत, दादा."

"तेच म्हणतोय न्हवं मी. आणू की."

हे असं तीन वेळा फिरून झालं. चौथ्या वेळी नसरीन चहा तसाच टाकून उठली. बाहेर येऊन तिनं फ्लेक्सच्या बांबूला एक सणसणीत लाथ घातली. बांबूला काही झालं नाही. तिचा अंगठा मात्र सुजला.

तशीच लंगडत ती सम्राटच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं सांगितलं ते ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण मान काही हलेना.

"आपा, दादाला इचारल्याशिवाय मला कसं... तालमीच्या इमारतीचं काम दादाच्या हातात हाय. पोरं मलाच बोलतील. मंडळ फुटंल."

"मंडळ फुटंल," नसरीन म्हणाली. "बरं."

तिनं फराजला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल सम्राटच्या समोर काउंटरवर उभा करून ठेवला.

पडद्यावर फराज आला तेव्हा सम्राट मोबाइलवर वाकला. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. आवाज तेवढा तोच होता.

"सम्या! भावा, फ्लेक्स लई भारी झालाय. हितं सगळ्यांनी बघितला. कॅप्टननं झूम करून बघितला. म्हणला, तू तर हिरो हायस." तो हसला आणि हसता हसता खोकला. "आरं, एक इचारायचं हुतं. बाकीची पोरं बॅगा भरालीत. शुक्रवारी बोट येणार म्हंत्यात. मी भरू का नको, एवढं सांग. भरली आन् परत सोडाय लागली, तर ते काय बरं वाटणार न्हाय."

त्याच्या बोलण्यात दोष दिल्याचा मागमूस नव्हता. तो खरंच फक्त विचारत होता. सम्राटनं काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"भर," तो शेवटी म्हणाला. "बॅग भर तू."

त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चौकात जाऊन फ्लेक्सखाली उभा राहिला. नसरीननं मोबाइल धरला. "मी सम्राट, मंडळाचा अध्यक्ष. ह्यो फ्लेक्स मी लावला. ह्यो खोटा हाय. फराज अजून जहाजावरच हाय. आमी काम व्हायच्या आधीच लावला, आमची चूक हाय." येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. मागून कुणीतरी "ए सम्या, येडा झालास व्हय?" असं ओरडलं, तेही व्हिडिओत आलं. मग त्यानं तेच सगळं कागदावर लिहून सही केली आणि हात पँटला पुसले.

दादांच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर सम्राटचा फोटो नव्हता. मंडळाला नवा अध्यक्ष मिळाला. तालमीच्या इमारतीचं काम आहे तिथंच राहिलं, आणि त्याचं खापरही त्याच्यावरच फुटलं. सम्राटनं कुणापाशी तक्रार केली नाही. नसरीनलाही त्याबद्दल कधी काही बोलला नाही, आणि तिलाही त्याला बरं म्हणायला जमलं नाही. अजून राग होता.

कारण एवढं करूनही शुक्रवार हातचा गेला तो गेलाच. गुरुवारी संध्याकाळी 'निकाली'च्या जागी 'पुनर्विचाराधीन' आलं. यादी मात्र आधीच निघाली होती. शुक्रवारी बोट आली, पाच जण उतरले. फराजनं शिडी धरली आणि एकेकाची बॅग खाली दिली. त्याची स्वतःची बॅग भरलेलीच राहिली. ती त्यानं पुढं सोडली नाही, तीतलेच दोन शर्ट काढून घालत राहिला. त्या एवढ्या मोठ्या जहाजावर तो आणि बंदरानं बसवलेला एक पहारेकरी एवढे दोघंच उरले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अम्मी रोज विचारायची, "त्याच्याशी बोलाय कोण हाय?" आणि नसरीन रोज खोटं सांगायची की पुष्कळ लोक आहेत.

ती क्रांतीला रोज फोन करत राहिली. ओरडली, विनवलं, परत ओरडली. एका दुपारी क्रांतीनंच फोन केला. "मॅडम, झालं. तिकीट निघालं." पहिल्यांदाच त्या आवाजाची घडी विस्कटलेली होती. "मी स्वतः नाव तपासलंय यादीत. दोनदा."

फराज सकाळच्या गाडीनं येणार म्हणून सम्राट मंडळाच्या पोरांकडे गेला होता. हलगी नको, फटाके नकोत, चार माणसं तरी स्टेशनवर चला, एवढंच म्हणाला. पोरांनी हिशेब सरळ सांगितला, "झाला की सत्कार मागं. एका माणसाचा किती येळा करायचा?"

तेव्हा स्टेशनवर तिघंच होती. अम्मी, नसरीन आणि चुलत्याची गाडी मागून आणलेला सम्राट. फराज डब्यातून उतरला तो शर्टात हरवल्यासारखा दिसत होता. अम्मीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. सम्राट बॅग घ्यायला पुढं झाला, तेव्हा फराजनं ती त्याला दिली आणि रिकाम्या हातानं त्याच्या मानेला मिठी मारली. नसरीनला तिथंही बोलायचं होतं, सगळ्यांना सुनवायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी कळेना.

गल्लीत गाडी आत जात नाही. कोपऱ्यावर उतरून ते चालत निघाले. आपापल्या दारातून लोकांनी पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागले. कुणाला नवल वाटलं नाही. फ्लेक्सच्या हिशेबानं तो आलेलाच होता, महिना झाला.

कट्ट्यावर बाळासोकाका चहा घेत बसले होते. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यापासून ते तिथंच असतात. फराज रांगत होता तेव्हापासून ते त्याला ओळखतात. सम्राटच्या हातातली बॅग बघून त्यांनी आवाज दिला, "फराज! निघालास व्हय परत? म्हैनाभर हुतास की रं हितं, एकदा तरी भेटाय यायचंस. मोठी मान्सं झालासा आता."

नसरीनच्या अंगाचा भडका उडाला. इतके महिने साठलेलं सगळं एकदम तिच्या तोंडाशी आलं. पण तिनं तोंड उघडायच्या आत फराज कट्ट्याजवळ गेला आणि म्हणाला, "चुकलं काका. आता आलोय न्हवं."

बाळासोकाकांनी चष्मा नाकावर नीट बसवला. त्याच्याकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं, गळ्याच्या हाडांकडे पाहिलं. मग आपला चहाचा कप त्यांनी त्याच्या हातात दिला.

"लेकरा," ते म्हणाले, "तुला तिथं पोटाला देत न्हवती व्हय रं?"

गल्लीनं नाही, दादांनी नाही, मुंबईच्या कचेरीनं नाही, एवढा साधा प्रश्न इतक्या महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. फराज कप हातात धरून उभा राहिला. आणि नसरीन, जी दिवाळीपासून फक्त ओरडत होती, ती भर रस्त्यात कट्ट्याला टेकून मोठ्यानं रडायला लागली.